जुनी पेट्रोल गाडी सुरू होत नाही तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहेत. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, इंजेक्शन येण्यापूर्वीची मारुती ८०० आणि त्यांच्या पिढीतील इतर गाड्या यांत येतात. उदाहरणे बहुतेक पद्मिनीची आहेत, कारण गेली अनेक वर्षे माझ्या दारात तीच उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि पुढे पद्मिनी या नावाने बनलेली ही १०८९ सीसीची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून कायमची गेली. तिच्याबरोबर, नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे मिस्त्रीही हळूहळू कमी होत चालले आहेत. त्यामुळे निदानाचा पहिला भाग आता मालकालाच करावा लागतो, आणि तो करता येतो, असा माझा अनुभव आहे.

गाडी सुरू होत नाही. तपासणीची सुरुवात नेमकी कुठून करावी?

बोनेट उघडण्याआधी एकदा किल्ली फिरवा आणि लक्षपूर्वक ऐका. ‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, इंजिन फिरतच नाही. दुसरी, फिरते पण अडखळत, दमल्यासारखे. तिसरी, नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेटत नाही. चौथी, क्षणभर पेटते आणि लगेच बंद पडते. पहिल्या दोन तक्रारींचे कारण जवळजवळ नेहमी बॅटरी, तिची टोके, अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारे जोड) किंवा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) यांत सापडते, आणि तेथे कार्ब्युरेटर उघडून काहीच हाती लागत नाही. शेवटच्या दोन तक्रारींत करंट किंवा पेट्रोल यांपैकी एक कमी पडत असते, आणि तेथे नवी बॅटरी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

दोष कोणत्या घरात आहे हे ठरण्यापूर्वी एकही सुटा भाग बदलू नये. यामागे पैशांइतकेच आणखी एक कारण आहे. तीन भाग एकदम बदलल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष कोणत्या भागात होता हे कधीच कळत नाही, आणि तो सैल तारेत असेल तर काही दिवसांनी परत येतो.

किल्ली फिरवली की फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. बॅटरी संपली आहे का?

संपलेली असू शकते, पण तसे गृहीत धरू नका. हेडलाइट लावा, एखाद्याला गाडीसमोर उभे करा आणि सेल्फ मारा. दिवे पूर्णपणे विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकाशी जोड इतका खराब आहे की त्यातून दिव्यापुरता करंट जातो, पण सेल्फपुरता जात नाही. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट लागतो, तर दोन हेडलाइटना मिळून दहा अँपिअरच्या आसपास. म्हणूनच ‘दिवे तर लागतात, मग बॅटरी चांगली आहे’ हे म्हणणे टिकत नाही. याउलट, सेल्फ मारताना दिव्यांवर काहीही परिणाम झाला नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही, आणि दोष सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणाऱ्या विद्युत-चुंबकी स्विचमध्ये), त्याच्या बारीक तारेत किंवा इग्निशन स्विचमध्ये शोधावा. दिवे खूप मंद झाले पण इंजिन हलले नाही, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अथवा इंजिन अडकले आहे.

यानंतर टोके पाहा. लगावर (बॅटरीच्या खुंटीवर बसणाऱ्या तारेच्या पकडीवर) पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल, तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने ती धुवावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. लग काढून आतली बाजू आणि बॅटरीची खुंटी घासून उजळ करावी, घट्ट बसवावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. काढताना अर्थचा लग आधी आणि बसवताना शेवटी, हा क्रम पाळावा. काही फार जुन्या, इंग्रजी वळणाच्या गाड्यांत धन टोक अर्थ केलेले असते, म्हणून कोणती तार बॉडीला जाते हे डोळ्यांनी पाहूनच हात घालावा.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणीची अर्थ पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट परत येण्यासाठी ही पट्टीच खरा रस्ता असते. एका जुलैमध्ये महाडच्या अलीकडे माझ्या गाडीने असाच ‘टक्’ आवाज करून दगा दिला. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलली, मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश बदलले, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच झाले. तेव्हा सेल्फ मारताना सहज हात चोकच्या मुठीला लागला, तर ती गरम होती. चोकची केबल तापण्याचे काहीच कारण नसते. पट्टी तुटली की करंट दुसरा रस्ता शोधतो, आणि इंजिनला जोडलेली धातूची केबल त्याला तो रस्ता देते. खाली वाकून पाहिले, तेव्हा पट्टीच्या बोल्टपाशी वीण हिरवी पडून झिजली होती आणि चार-पाच तारा तेवढ्या शिल्लक होत्या. नवी पट्टी टाकली, बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडे केले, आणि त्यानंतर हा दोष परत आला नाही. तेव्हापासून चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते का, हे मी प्रत्येकाला आधी विचारतो.

बॅटरीची अवस्था घरच्या घरी कशी मोजावी?

साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले, तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर तपासणी पुढे नेण्यापूर्वी तिला चार्जिंगला लावावे. मात्र खरी परीक्षा भार पडल्यावर होते. कॉइलच्या (प्लगसाठी उच्च दाबाचा करंट तयार करणाऱ्या भागाच्या) मधली जाड तार काढून अर्थला टेकवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सेल्फ मारताना आकडा पाहा. तो साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून संपत आली आहे.

मल्टिमीटरचा याहून मोलाचा उपयोग म्हणजे जोड तपासणे. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, लगावर नव्हे तर शिशाच्या खुंटीवरच, आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. मधल्या जोडांत काही दोष नसेल तर आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहतो. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंगमध्ये दोष आहे. वर सांगितलेली माझी पट्टी या एका मोजणीत दोन मिनिटांत सापडली असती.

गाडी सुरू झाल्यावर थोडी रेस देऊन पुन्हा मोजावे. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल, तर चार्जिंग ठीक आहे. तो साडेबारावरच राहिला, तर डायनॅमो, अल्टरनेटर किंवा कटआउट (चार्जिंग नियंत्रित करणारा भाग) तपासावे लागेल. नाहीतर नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत उतरेल.

सेल्फ भरभर फिरल्याचा आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही. हे कशामुळे होते?

सेल्फचा पिनियन (छोटे दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये जाऊन बसत नाही, म्हणून. जुन्या बेंडिक्सच्या (पिनियनला पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) आट्यांत धूळ आणि तेलाचा चिकटा साचला की तो पुढे सरकत नाही. रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन कोरडा करावा. भरपूर ग्रीस लावू नये, कारण त्यावर क्लचची धूळ बसते आणि महिन्याभरात तीच अवस्था होते. ‘खर्रर्र’ असा घासल्याचा आवाज येत असेल, तर रिंगचे दात झिजले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी गाडी गिअरमध्ये घालून हातभर ढकलल्यावर सेल्फ लागत असेल, तर निदान पक्के समजावे.

याच्या उलट प्रकारात पिनियन रिंगमध्ये अडकून बसतो आणि काहीच फिरत नाही. किल्ली बंद ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये घालावी आणि मागे-पुढे हलवावी. बहुतेक वेळा ‘कट्’ असा आवाज होऊन तो सुटतो.

सेल्फवर हलकी ठोक मारल्यावर गाडी सुरू होते, हेही अनेक जण सांगतात. ते खरे आहे. झिजलेला कार्बन ब्रश क्षणभर जागेवर बसतो. पण त्याचा अर्थ सेल्फ उतरवण्याची वेळ झाली आहे एवढाच घ्यावा.

इंजिन नीट फिरते, पण पेटत नाही. आधी करंट पाहावा की पेट्रोल?

करंट आधी पाहावा, कारण ती तपासणी पाच मिनिटांची आणि स्वच्छ आहे. एक प्लग काढा, त्याची तार त्याला जोडून ठेवा, प्लगचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लग रबरी मुठीच्या चिमट्याने धरावा, हाताने धरू नये. कार्ब्युरेटर गळत असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर ही चाचणी करूच नये; आधी गळती थांबवावी आणि वारा लागू द्यावा.

ठिणगी निळसर आणि ‘चट्’ आवाजाची असेल, तर पेट्रोलकडे वळावे. ती पिवळी, बारीक आणि आवाज न करणारी असेल, तर इंजिनच्या आत दाबाखाली ती उडणारच नाही, म्हणून तिला ‘करंट आहे’ असे समजू नये.

त्याच वेळी काढलेल्या प्लगकडेही पाहावे. एवढ्या वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला आणि वासाचा असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे, कदाचित गरजेपेक्षा जास्तच. कोरड्या काजळीने काळा असेल, तर चोक अडकलेला किंवा मिश्रण जड (पेट्रोल जास्त, हवा कमी) आहे.

प्लगवर ठिणगी नाही. दोष पॉइंटमध्ये, कंडेन्सरमध्ये की कॉइलमध्ये, हे कसे ओळखावे?

कॉइलच्या मधून निघणारी जाड तार डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या) कॅपमधून काढा, तिचे टोक इंजिनपासून सुमारे पाच मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारा. येथे जोरदार ठिणगी असेल आणि प्लगवर नसेल, तर दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या तारांत आहे. येथेही ठिणगी नसेल, तर दोष कॉइल आणि पॉइंट यांच्या बाजूला आहे.

आता १२ व्होल्टचा टेस्टर लॅम्प घ्या. बल्बला दोन तारा जोडून तो घरीही बनवता येतो. किल्ली चालू करून कॉइलच्या ज्या टोकाला इग्निशनची तार येते तेथे आणि अर्थवर लॅम्प लावा. लागला नाही, तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही, आणि स्विच, फ्यूज व मधली तार तपासावी. लागला, तर लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला लावून सेल्फ मारा. पॉइंट उघडले की तो लागतो आणि मिटले की विझतो, म्हणून तो लुकलुकला पाहिजे. सतत लागून राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर मळ बसला आहे. लागलाच नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर (पॉइंटांवरची ठिणगी शोषणारा छोटा भाग) आतून शॉर्ट झाला आहे, किंवा कॉइलची आतली तार तुटली आहे. डेल्कोकडे जाणारी तार काढून पुन्हा पाहिल्यावर लॅम्प लागला, तर कॉइल निर्दोष आणि दोष डेल्कोच्या आत आहे.

कॅप काढून पॉइंट डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे. पृष्ठभाग राखी, गुळगुळीत असावा. निळसर जळका, किंवा एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असा असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. कंडेन्सर न बदलता फक्त पॉइंट बदलले, तर नवे पॉइंटही काही दिवसांत तसेच होतात. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की पॉइंटचे अंतर कमी होत जाते, आणि एके दिवशी ते उघडतच नाहीत. या गाड्यांत हे अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते आणि ते टाच कॅमच्या उंचवट्यावर असतानाच फिलर गेजने मोजायचे असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकातून घ्यावा. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर कोरे जाड कार्ड पॉइंटांमधून एकदा ओढावे, म्हणजे घासल्याची भुकटी मागे राहत नाही. ही शेवटची पायरी अनेक जण विसरतात आणि मग नवे पॉइंटही ‘खराब निघाले’ असे म्हणतात.

पॉइंट मिटलेले असताना किल्ली बराच वेळ चालू ठेवू नये, कारण कॉइल तापते आणि तपासणीच्या नादात एक नवाच दोष तयार होतो. प्लगच्या तारा काढण्याआधी प्रत्येकीवर क्रमांक लिहून चिकटपट्टी लावावी. पद्मिनीचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे आणि तीन सिलिंडरच्या मारुती ८०० चा १-३-२. दोन तारांची अदलाबदल झाली तर इंजिन फटफट आवाज करते, कार्ब्युरेटरमधून धूर टाकते आणि माणूस टायमिंगच्या (ठिणगी पडण्याच्या वेळेच्या) मागे लागतो.

पावसाळ्यात सकाळीच हा त्रास का होतो?

दमट हवेचा थर डेल्कोच्या कॅपच्या आत आणि तारांवर बसतो, आणि उच्च दाबाचा करंट प्लगकडे न जाता त्या ओलीवरून अर्थला पळतो. कोकणात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना जून ते सप्टेंबर हे ठरलेले दुखणे आहे. कॅप काढून आतून कोरड्या सुती फडक्याने पुसावी आणि उन्हात किंवा स्वयंपाकघरातल्या उबेला थोडा वेळ ठेवावी. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी वेडीवाकडी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट आहे. ती खरवडून काही उपयोग होत नाही, कॅप बदलावीच लागते. अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारला, तर खराब तारांवर निळ्या ठिणग्या पळताना स्पष्ट दिसतात. इतकी सोपी आणि खात्रीची चाचणी दुसरी नाही.

गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर मात्र सेल्फ मारूच नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढणे आणि तेल बदलणे ही कामे आधी करावीत.

ठिणगी चांगली आहे. पेट्रोल पोहोचते की नाही, हे कसे पाहावे?

एअर फिल्टरचे झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या नरड्यात पाहा आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर फ्लोटच्या भांड्यात (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यात) पेट्रोल आहे. उडाली नाही, तर मागे-मागे जात तपासावे. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडवून बाटलीत धरावी आणि जाड तार अर्थ करून सेल्फ मारावा. ठोके देत पेट्रोल येत असेल, तर एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप) चांगला आहे आणि दोष फ्लोटच्या सुईत, जाळीत किंवा जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) आहे. येत नसेल, तर पंप, टाकीकडून येणारी नळी किंवा टाकीचे झाकण पाहावे. झाकणाची हवेची वाट बंद झाली की टाकीत निर्वात तयार होतो. झाकण उघडताना ‘हुश्श’ असा आवाज आला, तर तेच कारण आहे.

अनेक एसी पंपांना हाताने पेट्रोल चढवण्यासाठी एक छोटी दांडी असते. ती हलवताना सैल लागली, काहीच जोर जाणवला नाही, तर लगेच पंप खराब ठरवू नका. इंजिन अशा जागी थांबलेले असते की कॅमने पंप आधीच दाबून धरलेला असतो. इंजिन थोडेसे फिरवा आणि पुन्हा पाहा. बोटाला डायफ्रामचा ताण लागला आणि कार्ब्युरेटर भरला की दांडी एकदम हलकी झाली, तर पंपाचे काम ठीक चालले आहे.

पेट्रोल जास्त झाले असेल, म्हणजे प्लग ओले आणि सगळीकडे वास असेल, तर चोक पूर्ण आत ढकलावा, म्हणजे बंद करावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा, पंप करू नये, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. दोन प्रयत्नांत साधले नाही, तर प्लग काढून सुकवावेत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट तरी विश्रांती द्यावी.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्या सुरू होत नाहीत, हे खरे का?

काही अंशी खरे आहे, पण सगळे दोष त्याच्या माथी मारणे योग्य नाही. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि आता सर्वत्र तेच मिळते. या गाड्यांचे रबर, डायफ्राम आणि फ्लोटचे भाग अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. जुनी रबरी नळी आतून मऊ होऊन तिचे कण सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात; पंपाचा डायफ्राम ताठ पडतो किंवा फुगतो. इथेनॉल टाकीच्या आतली जुनी घाण सोडवते, तीही पुढे येते. शिवाय ते हवेतील ओल शोषते, आणि पाणी पुरेसे जमले की पाण्याचा आणि इथेनॉलचा थर खाली बसतो, जो पंप सर्वांत आधी ओढतो.

शंका असेल तर फ्लोटच्या भांड्यातले किंवा टाकीच्या तळाचे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा डायफ्राम आणि पंपाआधी एक पारदर्शक फिल्टर हा खर्च मी निःसंकोचपणे सुचवतो. गाडी उभी राहणार असेल, तर जुने पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवू नये.

थंड असताना पहिल्याच सेल्फला सुरू होते, पण तापल्यावर थांबवली की पुन्हा सुरू होत नाही. असे का?

येथे तीन कारणांचा गोंधळ होतो, आणि ती गाडी बंद पडलेली असतानाच वेगळी करता येतात. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाल्यावर तपासणीचा काही उपयोग नाही, म्हणून प्लगचा पाना आणि टेस्टर लॅम्प गाडीतच ठेवावेत.

बंद पडल्याबरोबर ठिणगी पाहावी. ती नसेल किंवा पिवळी असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देत आहे. अशी कॉइल हाताला असह्य गरम लागते. ठिणगी चांगली असेल आणि कार्ब्युरेटरमध्ये पिचकारी उडत नसेल, तर पेट्रोलची वाफ होऊन ती पंपात किंवा नळीत कोंडली आहे. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात हे रोजचे असते. पंपावर ओले फडके गुंडाळून पाणी घालत राहण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे, मात्र पाणी डेल्कोवर जाऊ देऊ नये. नळी सायलेन्सरच्या जवळून जात असेल, तर तिची वाट बदलणे हा कायमचा उपाय. तिसरे कारण म्हणजे इंजिन थांबल्यावर भांड्यातले पेट्रोल उकळून आत सांडते आणि प्लग ओले होतात. तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, चोक न लावता सेल्फ मारावा.

सेल्फ मारताना इंजिन पेटते, किल्ली सोडली की लगेच बंद पडते. यात दोष कशाचा?

हा दोष ऐकायला अवघड, पण शोधायला सोपा आहे. ज्या गाड्यांत कॉइलच्या आधी रेझिस्टन्स असतो, तेथे सेल्फ मारताना त्याला वगळून पूर्ण बॅटरीचा दाब दिला जातो आणि किल्ली सोडली की करंट रेझिस्टन्समधून जातो. तो तुटलेला असेल, तर इंजिन त्याच क्षणी थांबते. ज्या गाड्यांत तो नाही, तेथे बहुधा इग्निशन स्विच झिजलेला असतो. किल्ली नेहमीच्या जागी सोडून टेस्टर लॅम्प कॉइलला लावावा आणि किल्ली हळूच हलवावी. लॅम्प लुकलुकला, तर स्विच बदलावा. किल्लीला जड जुडगा लटकावण्याची सवय या झिजेला मोठा हातभार लावते.

धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू करणे सुरक्षित आहे का?

या गाड्यांत धक्का स्टार्टला हरकत नाही. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा आणि इंजिन पेटताच पुन्हा दाबायचा. धक्का मारल्यावर लगेच सुरू होणे म्हणजे करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक असल्याचा पुरावा आहे, आणि तपासणी बॅटरी-सेल्फच्या घरातच करावी. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर मात्र धक्काही चालत नाही, कारण कॉइललाही थोडा करंट लागतोच.

जंप लीड लावताना धन टोक धन टोकाला जोडावे. दुसरी तार चांगल्या गाडीच्या ऋण टोकापासून बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर जोडावी. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. हातातले कडे, अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. ज्या गाडीत धन टोक अर्थ केलेले आहे, तिला आधुनिक गाडीची बॅटरी जोडण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरीही गाडी पेटत नाही. आता काय उरते?

वेळ आणि दाब. डेल्कोची कॅप काढून सेल्फ मारावा. रोटर फिरत नसेल, तर टायमिंग चेन, बेल्ट किंवा डेल्कोचा दांडा तुटला आहे. मारुती ८०० मध्ये बेल्ट असतो, आणि तो तुटल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, एकसुरी ‘घूंऽऽ’ असे फिरते. कॉम्प्रेशनचे ठोके ऐकू येत नाहीत. एकदा हा आवाज ऐकला की तो विसरत नाही.

रोटर फिरत असेल, तर डेल्कोचा क्लॅम्प सैल होऊन टायमिंग सरकले आहे का हे पाहावे, आणि मग गेजने कॉम्प्रेशन मोजावे. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅसकेट गेले आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, तर गॅसकेट त्या दोघांमधल्या जागेवर गेल्याचा संशय घ्यावा. येथून पुढचे काम अंगणात करू नये.

गाडी वर्ष-सहा महिने उभी आहे. सुरू करण्यापूर्वी काय करावे?

लगेच सेल्फ मारू नका. आधी तारा पाहा, कारण उभ्या गाडीत उंदीर पहिले घर करतात ते बोनेटखाली. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, वरच्या गिअरमध्ये गाडी हाताने ढकलून इंजिन मोकळे फिरते का पाहा, आणि मग प्लग न बसवताच, कॉइलची जाड तार अर्थ करून सेल्फ मारा, म्हणजे तेलाचा दाब तयार होईल. जुने पेट्रोल काढून टाका. त्याला वार्निशसारखा आंबूस वास येत असेल, तर कार्ब्युरेटरही धुवावा लागेल. पॉइंटवर ऑक्साइडचा पापुद्रा धरलेला असतो, तो कार्डाने पुसा. काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या भांड्यातले पेट्रोल उडून गेलेले असते, म्हणून दांडीने पेट्रोल चढवून घ्या. त्यामुळे बॅटरीचा निम्मा त्रास वाचतो.

गॅरेजला न्यावेच लागले, तर मिस्त्रीला काय सांगावे?

‘सुरू होत नाही, बघा’ एवढेच सांगू नये. इंजिन फिरते की नाही, थंड असताना होते की गरम असताना, पाऊस पडला होता का, शेवटचे पेट्रोल कधी भरले, आणि त्याआधी कोणत्या तारेला किंवा नळीला कोणी हात लावला होता, हे सांगावे. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. माझ्या अनुभवात, आदल्या दिवशी चालणारी गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडली, तर बहुतेक वेळा मधल्या वेळात कोणीतरी काहीतरी उघडलेले असते. आपण घेतलेल्या मोजणीचे आकडे कागदावर लिहून द्यावेत, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा. जुने पॉइंट, जुना रोटर, जुनी कॅप मी पुसून डब्यात ठेवतो. चालत्या स्थितीतला एक जुना कंडेन्सर डिकीत असला, तर नव्या कंडेन्सरवर शंका आली की रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत तिचे निरसन होते.